पाळीव कुत्र्याचे वजन आटोक्यात ठेवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा स्वतः खाद्याचा डबा उघडत नाही. त्याच्या पोटात जे जाते ते जवळजवळ सगळे घरातल्या माणसांच्या हातून जाते, आणि म्हणून त्याचे वजन हा मुळात आपल्या मोजमापाचा प्रश्न आहे. खालील प्रश्न कुत्रा पाळणारी माणसे पशुवैद्यांना आणि एकमेकांना नेहमी विचारतात. जिथे आकडे उपयोगी पडतात तिथे आकडे दिले आहेत, आणि जी गोष्ट हाताने चाचपल्याशिवाय कळत नाही ती कशी चाचपावी हेही सांगितले आहे.

आमचा कुत्रा जाड झाला आहे की त्याचा बांधाच तसा आहे, हे कसे ओळखावे?

डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवावा. रोज समोर असलेल्या जनावराचे जाड होणे नजरेला कळत नाही, आणि दाट केसांच्या कुत्र्यात तर कंबर केसांखालीच लपून जाते. कुत्र्याला उभे करून त्याच्या मागे बसा, दोन्ही तळहात छातीच्या दोन बाजूंना ठेवा आणि बोटे हलकेच मागेपुढे फिरवा. दाब न देता बरगड्या एकेक करून मोजता आल्या पाहिजेत.

बोटांना नेमके काय जाणवायला हवे, हे आपल्याच हातावर तपासता येते. एका हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताचे बोट मुठीवर वर आलेल्या हाडांवरून फिरवा. बरगड्या इतक्या टोचत असतील तर कुत्रा बारीक आहे. आता मूठ उघडून हात पालथा पसरा आणि त्याच हाडांवरून बोट फिरवा. हाडे कळतात, पण त्यांच्यावर पातळसे आवरण आहे. बरगड्या अशाच लागायला हव्यात. शेवटी हात उलटा करून तळहाताच्या बाजूने, बोटांच्या मुळाशी बोट दाबा. आत हाड आहे हे माहीत असूनही ते शोधावे लागते. बरगड्या अशा लागत असतील तर वजन जास्त आहे.

त्यानंतर वरून पाहावे : बरगड्या संपल्यावर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बाजूने पाहिल्यास पोटाची रेषा छातीकडून मागच्या पायांकडे वर चढत गेलेली असावी. पशुवैद्य याच खुणांवरून १ ते ९ अशी श्रेणी देतात. त्यात ४ किंवा ५ म्हणजे योग्य शरीर, आणि ५ च्या वरची प्रत्येक पायरी म्हणजे योग्य वजनापेक्षा साधारण १० ते १५ टक्के जास्त. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ जातींमध्ये काही बरगड्या दिसणे स्वाभाविक असते. तिथे घाबरून खाणे वाढवू नये.

मग वजनकाट्याचा उपयोग काय?

काटा बदल दाखवतो. योग्य वजन किती हे तो सांगत नाही, आणि जातीनुसार दिलेले तक्तेही सांगत नाहीत, कारण एकाच जातीतील दोन निरोगी कुत्र्यांच्या वजनात काही किलोंचा फरक सहज असतो. योग्य वजन हाताने ठरवावे आणि त्याकडे जाणारी वाट काट्याने मोजावी. लहान कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. कुत्रा ४-५ किलोंचाच असेल तर घरच्या काट्याची किरकोळ चूकही त्याच्यासाठी मोठी ठरते, म्हणून दवाखान्यातला काटा बरा. दर दोन आठवड्यांनी, त्याच काट्यावर आणि शक्यतो खाण्याआधी वजन करून लिहून ठेवावे.

दोन-चार किलो वाढले तर एवढे काय बिघडते?

वीस किलोंच्या कुत्र्यावर चार किलो वाढणे म्हणजे साठ किलोंच्या माणसावर बारा किलो वाढण्यासारखे आहे, आणि तो भार त्याला दिवसरात्र चारही पायांवर वाहावा लागतो.

याबाबत एक अभ्यास प्रत्येक कुत्रा पाळणाऱ्याला माहीत असायला हवा. ४८ लॅब्रॉडर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांना आयुष्यभर पाहण्यात आले. जोडीतल्या एकाला जेवढे अन्न, त्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दुसऱ्याला दिले गेले. खाद्य तेच, वातावरण तेच. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य (गटातली अर्धी कुत्री जेवढे जगली तो आकडा) १३ वर्षे आणि दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे असल्याचे दिसले. शिवाय बारीक राहिलेल्या कुत्र्यांना सांधेदुखीसारखे जुनाट आजार उशिरा जडले. जास्त खाणारा गट अवाढव्य लठ्ठ नव्हता, आणि मला यातली हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते. घरोघरी ज्याला "चांगला भरलेला" म्हणतात, साधारण तशीच ती कुत्री होती.

सांध्यांची झीज, गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटणे, श्वासनलिका दबणे, उष्णता सहन न होणे, भूल देताना वाढणारा धोका, स्वादुपिंडाचा दाह या सगळ्यांत अतिरिक्त चरबीचा हात असतो. चरबी हा निर्जीव साठा नव्हे. ती शरीरात दाह वाढवणारी द्रव्ये सोडत राहते. दिलासा एवढाच की थोड्या घटीनेही फरक पडतो. सांधेदुखीने लंगडणाऱ्या जाड कुत्र्यांवरील एका अभ्यासात शरीराच्या वजनात सुमारे ६ टक्के घट होताच लंगडणे मोजण्याइतके कमी झाले होते.

दिवसाला किती खायला घालावे?

याचे सूत्र आहे आणि ते साध्या कॅल्क्युलेटरवर जमते. कुत्र्याचे योग्य वजन किलोमध्ये घ्या, त्याच संख्येने तिला दोनदा गुणा, आलेल्या उत्तराचे दोनदा वर्गमूळ काढा आणि शेवटी ७० ने गुणा. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर चालू ठेवण्यासाठी दिवसाला किती कॅलरी लागतात, ते यातून कळते.

उदाहरण घेऊ. कुत्रा आज २४ किलोंचा आहे आणि हाताने चाचपून, पशुवैद्यांशी बोलून त्याचे योग्य वजन २० किलो ठरले आहे. २० गुणिले २० गुणिले २० म्हणजे ८०००. त्याचे वर्गमूळ सुमारे ८९.४, त्याचे पुन्हा वर्गमूळ सुमारे ९.४६, आणि त्याला ७० ने गुणल्यावर जवळपास ६६० कॅलरी. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला वजन टिकवण्यासाठी याच्या साधारण १.६ पट, म्हणजे सुमारे १०६० कॅलरी लागतात. वजन कमी करायचे असेल तर सुरुवात मूळ आकड्यापासून, म्हणजे ६६० पासून करतात. हिशेब आजच्या २४ किलोंवर न करता योग्य वजनावर करायचा, हे विसरू नये. कारण आजच्या वजनावर केलेला हिशेब आजच्या चरबीलाही पोसत राहतो.

आता ६६० मधील दहावा हिस्सा, सुमारे ६५ कॅलरी, वरच्या खाऊसाठी बाजूला ठेवा. उरलेल्या ५९५ जेवणाच्या. तुमच्या कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३५० कॅलरी असतील (पाकिटावर हा आकडा असतो, नसल्यास उत्पादकाकडून मागवावा), तर दिवसाचे खाद्य १७० ग्रॅम झाले. ते दोन किंवा तीन वेळांत विभागावे.

हा आकडा म्हणजे आरंभबिंदू आहे. दोन कुत्र्यांचे वजन, वय आणि जात सारखी असली तरी त्यांच्या गरजेत बराच फरक असू शकतो, म्हणून दोन-तीन आठवडे ठरल्याप्रमाणे खायला घालून काट्याने काय सांगितले ते पाहावे आणि त्यानुसार पाच-दहा टक्क्यांनी बदल करावा. कुत्रा खूपच जाड असेल, पिल्लू असेल, गाभण असेल किंवा त्याला दुसरा आजार असेल, तर हे गणित पशुवैद्यांकडूनच करून घ्यावे.

पाकिटावरचे प्रमाण पाळतो, तरी वजन वाढते. असे का?

एक कारण पाकिटात आहे आणि दुसरे भांड्यात. पाकिटावरील तक्ता सरासरी कुत्र्यासाठी असतो, त्यात अनेकदा सक्रिय, नसबंदी न झालेले जनावर गृहीत धरलेले असते, आणि वरून मिळणारा खाऊ त्यात मोजलेला नसतो. त्याहून मोठी गफलत मापाच्या कपाने होते. कोरडे खाद्य कपाने मोजणाऱ्या माणसांची चाचणी घेतली गेली, तेव्हा तेच प्रमाण कुणी कमी घेतले तर कुणी तब्बल ८० टक्क्यांपर्यंत जास्त घेतले. कप तोच, खाद्य तेच; फरक हाताचा.

आमच्या घरी हाच प्रकार झाला. आमच्या लॅब्रॉडर कुत्रीसाठी डब्यात एक प्लास्टिकचा कप ठेवलेला असे आणि "सकाळी एक, संध्याकाळी एक" असा नियम होता. डॉक्टरांनी माझा हात धरून तिच्या बरगड्यांवर ठेवला आणि "शोधा" म्हणाले, त्या संध्याकाळी मी घरातल्या प्रत्येकाला आपापल्या पद्धतीने एक कप भरायला सांगितले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक कप रिकामा केला. माझा कप ११० ग्रॅमचा निघाला, मुलाचा १४५ ग्रॅमचा. कुणीही लबाडी करत नव्हते. कपाच्या काठावर दाण्यांचा जो छोटा ढीग राहतो, तोच वर्षानुवर्षे तिच्या अंगावर चढत होता. तेव्हापासून कप बाद झाला आणि ग्रॅम दाखवणारा काटा खाद्याच्या डब्याशेजारी आला. या सबंध पानावरचा एकच सल्ला पाळायचा झाला, तर हा पाळावा : खाद्य वजन करून द्या.

दिवसभराचे खाद्य सकाळीच मोजून एका डब्यात काढून ठेवले, तर आणखी सोपे जाते. शिकवताना द्यायचे दाणे, कुणाला प्रेमाने द्यावेसे वाटलेले दाणे, सगळे त्याच डब्यातून घ्यायचे. डबा रिकामा झाला की दिवस संपला.

खाऊ पूर्ण बंद करावा का?

बंद करण्याची गरज नाही, मोजण्याची आहे. दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी खाऊचा वाटा १० टक्क्यांच्या आत ठेवावा. हा नियम पोषणाच्या समतोलासाठीही आहे, कारण खाऊमध्ये जीवनसत्त्वे आणि खनिजे योग्य प्रमाणात असतीलच असे नाही.

लहान कुत्र्यांच्या बाबतीत ही मर्यादा किती लवकर ओलांडली जाते, याची बहुतेकांना कल्पना नसते. पाच किलोंच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३७५ कॅलरी पुरतात. वीस ग्रॅम चीजमध्ये जवळपास ८० कॅलरी असतात. म्हणजे आपण तोंडात सहज टाकतो तो एक तुकडा त्याच्या दिवसाच्या जेवणाचा पाचवा हिस्सा झाला. गोळी लपवण्यासाठी दिलेला लोण्याचा गोळा, दात साफ राहावेत म्हणून दिलेली चघळण्याची कांडी, ताटात उरलेले मांस, हे सगळे खाऊच आहे आणि हिशेबात धरायला हवे.

गाजराचे काप, काकडी, वाफवलेल्या फरसबीचे तुकडे, बिया काढलेल्या सफरचंदाची छोटी फोड असा खाऊ बहुतेक कुत्र्यांना चालतो आणि आवडतोही. तुकडा नखाएवढा ठेवला तरी कुत्र्याला त्याचे काही वाटत नाही. तो किती वेळा मिळाला हे त्याला कळते, किती मोठा होता हे फारसे नाही. मात्र द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट, मॅकाडेमिया हा सुका मेवा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोडवा) घातलेले पदार्थ थोडेसुद्धा देऊ नयेत. हे वजनासाठी सांगत नाही, हे कुत्र्यांसाठी विषारी आहेत. बिनसाखरेच्या पीनट बटरमध्ये झायलिटॉल असू शकते, म्हणून बरणीवरची घटकांची यादी आधी वाचावी.

तो सारखा मागतो. त्याची भूक भागत नसेल का?

काही कुत्र्यांना भूक खरोखरच जास्त लागते, आणि त्यामागे जनुकातले कारण असते. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की लॅब्रॉडर कुत्र्यांपैकी जवळपास चतुर्थांश कुत्र्यांत पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. खाल्ल्यानंतर पोट भरल्याचा निरोप मेंदूला देण्याच्या कामात हा जनुक असतो. निरोप नीट पोहोचत नसल्याने ही कुत्री अन्नाच्या मागे जास्त लागतात, आणि गळालेल्या जनुकाच्या प्रत्येक प्रतीमागे त्यांचे वजन सरासरी दोनेक किलोंनी जास्त भरते. फ्लॅट-कोटेड रिट्रीव्हर या जातीतही तो आढळतो. २०२४ च्या पुढील अभ्यासात असेही दिसले की अशा कुत्र्यांचे शरीर विश्रांतीच्या वेळी सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा वापरते. भूक जास्त आणि खर्च कमी. त्यामुळे अशा कुत्र्याच्या मालकाला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. त्याला इतरांपेक्षा अवघड काम मिळालेले आहे.

पण मागणे म्हणजे नेहमी भूक नसते. आपण जेवायला बसलो की पायाशी येऊन टक लावणे ही बहुतेक वेळा शिकलेली सवय असते. एकदा तुकडा मिळाला, मग दहा वेळा मिळाला नाही तरी अकराव्या वेळी मिळेल या आशेवर ती टिकते. अधूनमधून दिलेला तुकडा तिला सर्वात घट्ट करतो. म्हणून द्यायचे नसेल तर सर्वांनी, प्रत्येक वेळी, द्यायचे नाही. आपल्या जेवणाच्या वेळी त्याला त्याच्या जागेवर बसवून त्याच्याच डब्यातले दाणे घातलेले खेळणे द्यावे.

तेच खाद्य जास्त वेळ पुरवता येते. भांड्याऐवजी गवतात पसरून शोधायला लावावे, खाचा असलेल्या भांड्यात घालावे, किंवा दिवसाचे खाद्य चार वेळांत वाटावे. आमच्या कुत्रीचा भांड्यातला घास दीड मिनिटात संपत असे. गुंडाळलेल्या जुन्या टॉवेलच्या घड्यांत तेच दाणे घातले की पाव तास नाक आत घालून ती एकेक दाणा शोधत बसे आणि नंतर समाधानाने झोपत असे. पुष्कळदा कुत्र्याला हवी असते ती आपली सोबत. तो मागायला येतो तेव्हा पाच मिनिटे ब्रश फिरवून किंवा चेंडू टाकून पाहावे.

भूक अचानक वाढली असेल, विशेषतः पाणी पिणे आणि लघवीही वाढली असेल, तर मात्र हा सवयीचा प्रश्न मानू नये. पशुवैद्यांना दाखवावे.

फिरवणे वाढवले तर खाणे तेवढेच ठेवून चालेल का?

बहुधा नाही. चालण्याने खर्च होणाऱ्या कॅलरी लोकांना वाटतात त्यापेक्षा बऱ्याच कमी असतात, आणि लांब फेरफटक्यावरून आल्यावर दिलेले एक बिस्कीट त्यातला मोठा भाग परत करते. वजन भांड्यातून उतरते. व्यायामाचे महत्त्व वेगळे आहे : वजन घटताना स्नायू टिकतात, सांधे मोकळे राहतात, आणि कंटाळ्यापोटी मागणे कमी होते.

जाड कुत्र्याला पहिल्याच दिवशी पळवू नये. आज तो जेवढे आरामात चालतो त्यापासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडी वेळ वाढवावी. एका लांब फेरीपेक्षा दोन-तीन छोट्या फेऱ्या बऱ्या. सांधे दुखत असतील तर पाण्यात चालणे किंवा पोहणे चांगले, कारण पाणी शरीराचा भार उचलते. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतो आणि चरबीचा थर ती आत कोंडतो, म्हणून उन्हाच्या वेळा टाळाव्यात. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींच्या बाबतीत तर जास्तच जपावे. चालताना मागे रेंगाळणे, घरघर, जिभेचा रंग गडद होणे, यांतले काहीही दिसले की तिथेच थांबावे.

नसबंदीमुळे कुत्रे जाड होतात, हे खरे आहे का?

नसबंदीनंतर ऊर्जेची गरज सुमारे २० ते ३० टक्क्यांनी कमी होऊ शकते आणि भूक मात्र वाढते. खाणे पूर्वीइतकेच राहिले तर वजन वाढणारच. शस्त्रक्रियेनंतर लगेचच प्रमाण कमी करून पहिले सहा महिने दर दोन आठवड्यांनी वजन पाहिले, तर बहुतेक कुत्री सडपातळ राहतात. या भीतीने नसबंदी टाळण्याचे कारण नाही.

एखाद्या आजारामुळे वजन वाढत असेल तर?

तशी शक्यता असते. थायरॉइड ग्रंथी मंदावल्यास कुत्रा सुस्तावतो, केस विरळ होतात आणि मोजके खाऊनही वजन चढते. कुशिंग या आजारात पोट लोंबते, तहान आणि भूक वाढते. स्टेरॉइडची औषधे आणि फिट्सवर दिले जाणारे फेनोबार्बिटाल यांनीही भूक वाढते. ही औषधे स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. खाद्य ग्रॅममध्ये मोजून दोन महिने झाले, घरातील सर्वांनी नियम पाळला आणि तरी काटा हलला नाही, तर रक्ततपासणीबद्दल विचारावे.

वजन किती वेगाने उतरावे? उपास घडवावा का?

आठवड्याला शरीराच्या वजनाच्या १ ते २ टक्के हा चांगला वेग. अर्धा टक्का उतरले तरी समाधान मानावे. वरच्या उदाहरणातील २४ किलोंच्या कुत्र्याचे चार किलो उतरायला १ ते २ टक्क्यांच्या वेगाने दोन ते चार महिने लागतील, अर्ध्या टक्क्याने सुमारे आठ. आमच्या कुत्रीला ३४ वरून २८ किलोंवर यायला नऊ महिने लागले, आणि मधला एक सबंध महिना काटा जागचा हलला नव्हता. तेव्हा दहा ग्रॅम कमी केले आणि घट पुन्हा सुरू झाली.

उपास घडवू नये. झपाट्याने उतरलेल्या वजनात स्नायूही जातात, भूक अनावर होते आणि गेलेले वजन परत येते. नेहमीचे खाद्य फार कमी करत नेले तर कॅलरींबरोबर प्रथिने, जीवनसत्त्वे आणि खनिजेही कमी पडतात. कुत्रा बराच जाड असेल तर वजन उतरवण्यासाठी खास बनवलेले खाद्य पशुवैद्यांच्या सल्ल्याने घ्यावे. त्यात कॅलरी कमी आणि प्रथिने व तंतू जास्त असतात, त्यामुळे भांडे भरलेले दिसते आणि पोषणही पुरते. पाकिटावर "लाइट" लिहिले म्हणून समाधान मानू नये. १०० ग्रॅममागील कॅलरींचा आकडा जुन्या खाद्याशी ताडून पाहावा. खाद्य बदलताना सात-आठ दिवसांत हळूहळू बदलावे. घरी शिजवून घालायचे असेल तर पाककृती पोषणतज्ज्ञ पशुवैद्यांकडून घ्यावी, अंदाजाने ठरवू नये.

वजन कमी करण्याची गोळी मिळते का?

माणसांच्या औषधांना हात लावू नये. कुत्र्यांसाठी डिरलोटापाइड नावाच्या औषधाला अमेरिकेत २००७ साली परवानगी मिळाली होती. ते भूक आणि चरबीचे शोषण कमी करत असे, पण औषध थांबवले की भूक परत येई. पुढे ते बाजारातून गेले. मोजलेले खाद्य हाच उपाय आजही पहिला आहे.

घरात दोन कुत्रे आहेत आणि एकच जाड आहे. काय करावे?

वेगवेगळ्या खोल्यांत किंवा दार लावून खायला घालावे, पंधरा मिनिटांनी दोन्ही भांडी उचलावीत आणि दिवसभर भरलेले भांडे ठेवण्याची पद्धत बंद करावी. मांजर असेल तर तिचे भांडे उंचावर हलवावे. मांजराच्या खाद्यात प्रथिने आणि चरबी भरपूर असते आणि कुत्र्यांना ते फार आवडते.

पिल्लू गुटगुटीत असलेलेच चांगले ना? मोठे झाले की उतरेल.

गुटगुटीत पिल्लू पाहून आनंद होतो, पण त्याच्या हाडांना तो आनंद महाग पडतो. मोठ्या जातींच्या पिल्लांचे वजन सांधे पक्के होण्याआधीच वाढले तर खुब्याचे आणि कोपराचे विकार बळावतात. पिल्लाच्याही बरगड्या सहज हाताला लागल्या पाहिजेत. मोठ्या जातींसाठी असलेले वाढीचे खाद्य मोजून द्यावे आणि त्यावर कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःहून घालू नयेत.

घरातली बाकीची माणसे ऐकत नाहीत. त्यांना कसे समजवावे?

वजन उतरवण्याचे बहुतेक प्रयत्न इथेच मोडतात, आणि दोष कुणाच्या वाईट हेतूचा नसतो. घरातल्या वयस्कर माणसाचा कुत्र्याशी दिवसभराचा संवाद कधीकधी त्या एका बिस्किटावरच उभा असतो. ते बिस्कीट हिसकावून घेतले की माणूस दुखावतो आणि मग लपवून देऊ लागतो. लपवून दिलेले मोजता येत नाही.

आमच्याकडे माझे वडील असे देत. त्यांना मी अभ्यासाचे आकडे सांगितले, ते त्यांनी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दिले. अखेरीस सकाळी मोजलेल्या खाद्यातील तीस ग्रॅम एका छोट्या डबीत काढून ती डबी त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवली आणि "हे तुमचे, केव्हाही द्या" असे सांगितले. देण्याचा हक्क त्यांच्याकडे राहिला, प्रमाण आमच्याकडे. कुत्रीला दाणा कुठून आला याचे काही नव्हते; ती त्यांच्या हातातून तितक्याच आनंदाने घेई. काही दिवसांनी तिचे वजन करायला तेच सोबत येऊ लागले.

फ्रिजवर एक कागद लावून ज्याने जे दिले ते त्याने लिहावे, हाही उपाय चांगला. मुले तो सर्वात प्रामाणिकपणे पाळतात. पाहुण्यांना "त्याला पथ्य आहे" एवढे सांगितले की पुरते.

ठरलेले वजन गाठल्यावर पूर्वीसारखे खायला घालता येईल का?

पूर्वीसारखे नाही. वजन उतरलेल्या कुत्र्याची गरज आधीपेक्षा कमीच राहते, आणि मोजमाप सोडून दिलेल्या घरांत वजन पुन्हा चढते. खाद्य ५ ते १० टक्क्यांनी वाढवावे, दोन आठवड्यांनी वजन करावे, उतरत असेल तर पुन्हा तेवढेच वाढवावे. सलग दोन महिने वजन स्थिर राहिले की त्या ग्रॅमवर थांबावे आणि मग महिन्यातून एकदा काटा पाहावा.

म्हाताऱ्या कुत्र्याचे वजन काही न करता उतरू लागले, तर बरेच नाही का?

नाही. उतारवयात पाठीवरचे आणि मांड्यांवरचे स्नायू झिजतात आणि पोटावर चरबी तशीच राहू शकते. अशा वेळी काट्यावरचा आकडा चांगला दिसतो आणि कुत्रा मात्र अशक्त होत असतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी हात फिरवून तिथला भराव पूर्वीइतका आहे का, हे दर महिन्याला पाहावे. खाणे कमी न करताही वजन घटत असेल तर मूत्रपिंड, दात, मधुमेह, कर्करोग यांपैकी काहीही कारण असू शकते. त्या आठवड्यातच पशुवैद्यांकडे न्यावे आणि मागील काही महिन्यांच्या वजनांची वही सोबत ठेवावी. घट कोणत्या आठवड्यापासून सुरू झाली, हे त्यांना त्या वहीतूनच कळते.